मजकूर माझा

१ ऑगस्ट, शुक्रवार

दवाखान्याच्या दारातल्या फळ्यावरचं ‘पाणी उकळून प्या’ आज पुसलं आणि त्या जागी लिहिलं:

‘मूल भुकेनं मरत असताना जो गप्प बसतो, तो त्या भुकेत वाटेकरी असतो. गाझासाठी दुआ करा.’

लिहिताना डोळ्यांसमोर हाजी मकबूल हुर्जुक होते. आमच्या खिदमत ट्रस्टचे अध्यक्ष. मशिदीला लागून ट्रस्टचा दवाखाना आहे, तो शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सांभाळते. तिथून दर गुरुवारी औषधांची गाडी माथेरानच्या पायथ्याच्या कातकरीवाडीवर जाते. राबतो आम्ही, आणि हाजी मात्र या सगळ्याचे मालक असल्यासारखे फिरतात. परवाच्या बैठकीत मी म्हटलं, गाझातल्या पोरांचे फोटो बघवत नाहीत, ट्रस्टनं एक पत्रक काढू या. हाजी म्हणाले, “टीचर, आपन खिदमत करतो. सियासत नाय.” आणि समोसे मागवले.

एप्रिलमध्ये काश्मीरात पर्यटकांना मारलं, तेव्हा तासाभरात निषेधाचं पत्रक निघालं होतं. ते मीच लिहून दिलं होतं. मनापासून लिहिलं होतं, नवरे गमावलेल्या त्या बायकांचे चेहरे आठवले की आजही गलबलतं. पण तेव्हा ते राजकारण नव्हतं आणि आज आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. कुणी मागितलं की लगेच बोलायचं, आणि आपल्या आतून आलं की तोंड दाबून बसायचं?

जुम्म्याच्या नमाजानंतर फळ्यासमोर गर्दी झाली. मोहल्ल्यातला नदीम आणि त्याचे मित्र म्हणाले, “टीचर, एक नंबर!” हाजी चपला घालता घालता वाचत उभे राहिले. लागलं असणार. लागावं म्हणूनच लिहिलं होतं.

३ ऑगस्ट, रविवार

फळ्याचा फोटो कुणी काढला ते कळलं नाही. काल सकाळी तो बाळूच्या फेसबुकवर होता. बाळू म्हणजे चौकातल्या प्रत्येक बॅनरवर खालच्या रांगेत हात जोडून उभा असतो तो. वर त्यानं लिहिलं होतं, ‘मशिदीच्या दवाखान्यात औषधाबरोबर काय पाजतात बघा. हेच लोक आपल्या आदिवासी वाड्यांवर जातात.’ खाली लोकांनी मनसोक्त ओकून ठेवलेलं.

आज सकाळी हाजी आले. पेशंट रांगेत बसलेले. त्यांच्यासमोर, माझ्यासमोर, हाजींनी खिशातून रुमाल काढला आणि माझं वाक्य पुसलं.

“टीचर, दवाखान्याची किल्ली द्या. थोडे दिवस घरी आराम करा.”

“मी काय चुकीचं लिहिलं ते आधी सांगा.”

“किल्ली, टीचर.”

ज्या बायकांना मी रोज गोळ्या समजावून सांगते, त्या ओढणीआडून बघत होत्या. मी किल्ली टेबलावर आपटली आणि निघाले.

संध्याकाळी ट्रस्टचा खुलासा मोबाइलवर आला. ‘सदर मजकूराशी ट्रस्टचा काहीएक संबंध नाही. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगिर आहोत.’ ‘मजकुराशी’ हवं. ‘दिलगीर’मधली ‘गी’ दीर्घ. माफी मागायची, तीसुद्धा अशुद्ध.

मी विसरणारी बाई नाही. शाळेत ज्या हेडमास्तरांनी मला मुद्दाम शेवटच्या तासांवर टाकलं होतं, त्यांच्या निरोप समारंभाचं मानपत्र माझ्याकडेच आलं होतं. एकही खोटा शब्द लिहायचा नाही असं ठरवलं, म्हणून ते दोन ओळींत संपलं. हाजींचंही लिहीन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल गाडी वाडीवर पोचलीच नाही. खालच्या गावातल्या पोरांनी रस्त्यात मोटरसायकली आडव्या लावल्या आणि गाडी परत पाठवली. गाडीबरोबर फुकट येणारी खारघरची डॉक्टर ऋचा, तीही काल नव्हती. तिचा मेसेज आला, ‘मॅम, सोसायटीत खूप बोलतायत. आईबाबा टेन्शनमध्ये आहेत. थोडे दिवस नाही जमणार.’ तिचंही लक्षात ठेवलं.

दुपारी हौसा थेट घरी आली. वाडीवरची. तिच्या नातीला, साळूला, फिट येतात आणि गोळ्या गाडीतून मिळतात. पावसात भिजत, दोन रिक्षा बदलून आली होती.

“बाई, पोरीची गोली सपली. गाडी नाय आली.”

मी तिला मेडिकलमध्ये नेलं, पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन दिल्या. परत निघताना म्हणाली, “तुमी कोनाशी भांडलां?”

“आमच्या हाजींनी घाबरून माफी मागितली, म्हणून त्या पोरांना जोर आला.”

“त्ये मला नाय समजत. तुमच्या भांडनात आमची गोली कशाला अडते?”

मी म्हटलं, हाजींना विचार. खरंच, त्यांनाच विचारायला हवं. शेपूट घातली की समोरचा आणखी अंगावर येतो, एवढं हज करून आलेल्या माणसाला कळत नाही?

१३ ऑगस्ट, बुधवार

आज उरण नाक्याकडे भाजी घ्यायला गेले होते. बाळूचं ऑफिस तिथेच आहे. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर हाजी बसलेले! पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर छत्री. आत बाळू आणि त्याची माणसं हसत होती, दार उघडंच होतं. हाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

भाजी घेऊन परत आले तरी तिथेच.

माझ्या वाक्यामागे उभं राहायला पाय नव्हते, बाळूच्या दारात बसायला मात्र वेळ आहे. विकले गेले, आणखी काय. घरी येऊन वांगी अशी चिरली की सुरी पाटाला लागली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

गाडी काल वाडीवर गेली. कुणी अडवली नाही. गावालाच शेवटी लाज वाटली असेल.

ऋचाही गेली होती. तिनं फोन केला. आवाज अगदी लहान झाला होता. म्हणाली, “मॅम, हाजीअंकल घरी आले होते. खारघरला. बाबांशी खूप वेळ बोलले. बाबा म्हणाले, जा.”

“माझ्याबद्दल काय बोलले?”

“तुमच्याबद्दल? म्हणाले, टीचर म्हणजे आमच्या दवाखान्याचा कणा आहे.”

म्हणजे आता खारघरपर्यंत जाऊन स्वतःचा चांगुलपणा दाखवतायत. माझी किल्ली काढून घ्यायची आणि परक्या घरात माझं कौतुक करायचं. कुवेतहून मुलगा फोनवर म्हणाला, “अम्मी, सोड ना आता.” त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज नदीमनं जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलंय.

बाळूच्या माणसांनी पोलिसांत अर्ज दिला होता. फळ्यावर कुणी लिहिलं याची चौकशी झाली. हाजी स्वतःहून पोलिस स्टेशनला गेले आणि जबाब देऊन आले: ट्रस्टचा संबंध नाही, मजकूर माझा, मीच लिहिला.

मजकूर माझा! आयुष्यात ज्या माणसानं किराणा दुकानाच्या यादीपलीकडे मराठी लिहिलं नाही, तो माझ्या वाक्याचा लेखक झाला! आधी पुसलं, मग माफी मागितली, आणि मग चोरलं. उद्या कुणी म्हणालं, वाक्य छान होतं, तर हाजी मान खाली घालून शुक्रिया म्हणतील. बाईनं असं लिहिलं असेल हे त्यांना सांगवलंच नसणार. पुरुषांच्या ट्रस्टमध्ये बाईचं काय काम? मलमपट्टी.

नदीम म्हणाला, “टीचर, चौदा तारखेला वार्षिक सभा आहे. तिथे बोला. आम्ही पोरं तुमच्या मागे आहोत.”

बोलणार. नुसतं बोलणार नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

गेले दहा दिवस मोहल्ल्यातलं एक घर सोडलं नाही. बायकांना सांगितलं, तुमच्या नवऱ्यांना विचारा, बाईची चीज स्वतःची म्हणून सांगणाऱ्या माणसाला अध्यक्ष ठेवणार का. बायकांनी बरोबर काम केलं. दोघीतिघींच्या नवऱ्यांना त्या रात्री जेवण थंड मिळालं म्हणे.

आज हाजी रस्त्यात भेटले. वाळले आहेत. म्हणाले, “टीचर, सभेत हे काडू नका. माझ्यासाठी नाय, तुमच्यासाठी सांगतो.”

धमकी! मी म्हटलं, “चौदा तारखेला भेटू.”

१४ सप्टेंबर, रविवार

झालं.

मदरशाच्या हॉलमध्ये सभा होती. बायका नेहमीप्रमाणे पडद्यामागे. ‘आयत्या वेळचे विषय’ आले तशी मी पडदा बाजूला करून पुढे गेले. नदीमनं मोबाइल वर धरला होता.

“हाजीसाहेब, दवाखान्याच्या फळ्यावरचं वाक्य कुणी लिहिलं?”

“टीचर, बसून घ्या.”

“पोलिसांना सांगितलंत तसं इथेही सांगा.”

“मोबाइल बंद करा रे आधी,” हाजी पोरांना म्हणाले. कुणी केला नाही.

मग मी हॉलभर ऐकू जाईल असं म्हटलं, “मी लिहिलं. मी, जुलेखा चोगले. आणि ज्यांनी ते रुमालानं पुसलं, त्यांनीच पोलिसांत जाऊन त्यावर सही ठोकली. गाझाच्या पोरांसाठी बोलायला हाजींना तोंड नव्हतं. माझं वाक्य ढापायला मात्र होतं!”

मागे हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. हाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “मी राजीनामा देतो. अल्ला सगळ्यांचं भलं करो.” आणि चपला शोधायला लागले.

हात वर झाले आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव ठरलं. ट्रस्टच्या इतिहासात पहिली बाई.

हाजी भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर मजा आली असती. तरी आज जेवण गोड लागलं. दोन वेळा वाढून घेतलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नदीमनं सभेचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला होता. मला वाटलं माझ्या कौतुकासाठी. तो बाळूपर्यंत पोचला आणि पोलिसांपर्यंतही. सकाळी फोन आला, जबाबात तफावत आहे, येऊन जा. नदीमला म्हटलं, चल बरोबर. तो मावसबहिणीच्या लग्नाला महाडला गेलाय. बाकीच्या पोरांचे फोन लागत नव्हते. एकटीच गेले.

निशा नावाच्या अधिकारी होत्या. पोरसवदा, पण नीट बोलणाऱ्या. त्यांनी हाजींचा जबाब माझ्यापुढे ठेवला. हाजींच्याच अक्षरात माझं वाक्य: ‘मुल भूकेन मरत असतांना जो गप बसतो तो त्या भूकेत वाटेकरि असतो.’ खाली लिहिलेलं, ‘हा मजकुर माझा आहे. जुलेखाबाईंचा याच्याशी संमंध नाही. त्या वयस्कर शिक्षीका आहेत, त्यांना बोलाऊ नये ही विनंती.’

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चुका दिसेनात.

निशा मॅडम म्हणाल्या, “बाई, खरं सांगू? त्यांनी सही केलीच आहे. सभेत काय, माणूस रागात काहीही बोलतो. तुम्ही एवढंच लिहून द्या की मी रागात बोलले. मग हे त्यांच्या नावावर राहील. जे व्हायचं ते त्यांचं होईल.”

सूड असा ताटात वाढून आला. हाजी पोलिसांकडे खेपा मारत राहतील, वर्षभर, कदाचित दोन वर्षं. मला फक्त एक ओळ लिहायची होती.

“पेन द्या,” मी म्हटलं. आणि माझं वाक्य लिहिलं, शुद्ध. खाली माझी सही केली, पत्ता घातला. माझ्या वाक्याखाली दुसऱ्याची सही मला चालत नाही. एवढंच कारण. त्यांचे उपकार घेऊन बसायचं नव्हतं मला.

बाहेर आले तर बाकावर हाजी. शेजारी पाण्याची बाटली.

“तुम्ही कशाला आलात?”

“बसलो होतो असाच.”

रिक्षा मिळेना, म्हणून वडाळे तलावाच्या बाजूनं चालत निघालो. मी विचारलं, बाळूकडे काय करत होतात? म्हणाले, “बसायला गेलो होतो. पयल्या दिवशी त्यानं भायेर बसवलं. दुसऱ्या दिवशी पन. मग आत घेतला, चार मान्सांसमोर काय बोलायचं ते बोलला. मग म्हनला, जाऊं दे गाडी.”

मला एवढा संताप आला की मी थांबले. “आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही? बाईला वाचवायचं, पण बाईला विचारायचं नाही. किल्ली काढून घ्यायची, पण का ते सांगायचं नाही. मी काय कुकुलं बाळ होते?”

हाजीही थांबले. “त्ये चुकलं,” म्हणाले. मग म्हणाले, “टीचर, वाक्य माझ्यावरच होतं ना?”

“हो.”

“वाटलंच. चपला घालताना समजलं.”

“मग सही कशी केलीत?”

“वाक्य खरं होतं. जागा चुकली. तुमी तुमच्या दारावर लिवा, मी रोज वाचून जाईन. ज्या दारातनं हौसाची गोली जाते, त्या दारावर नको.”

मी म्हटलं, अध्यक्षपद परत घ्या. हाजी पहिल्यांदा हसले. “नाय. आता बाळूकडं तुमी जा.”

बदला घ्यावा तर असा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल मी पोलिसांत असताना गाडी पुन्हा अडवली. व्हिडिओ बघून. गाडी परत आली.

आज ऋचाचा फोन. साळूच्या गोळ्या संपल्या होत्या. काल संध्याकाळी तिला फिट आली, चुलीजवळ. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सरकारी दवाखान्यात नेलं आहे.

आज काही लिहीत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

बाळूच्या ऑफिसात गेले. मलाही बाहेर बसवलं, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर. येणारा-जाणारा बघत होता. माझ्या हाताखाली शिकलेला एक बाप्या “नमस्ते टीचर” म्हणाला आणि मान वळवून निघून गेला. बसल्या बसल्या मी बाळूचे किती प्रकारे तुकडे केले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत घेतलं तेव्हा बाळू खुर्चीत रेललेला. “बोला टीचर. सभेत तर लई आवाज होता.”

“गाडी जाऊ द्या. एक पोर भाजलंय.”

“ऐकलं. वाईट झालं.” क्षणभर खरंच वाईट वाटल्यासारखा दिसला. मग शेजारी बसलेल्यांकडे बघितलं आणि सावरला. “आमचे पण लोक आहेत, त्यांना काय सांगू? माफी लिहून द्या. तुमच्या हातची. नावासकट. मी पोस्ट करणार.”

“कागद द्या.”

मी लिहिलं:

‘मी, जुलेखा चोगले, असे लिहून देते की, ट्रस्टच्या दवाखान्याच्या फळ्यावर मी पुढील मजकूर लिहिला होता: मूल भुकेनं मरत असताना जो गप्प बसतो, तो त्या भुकेत वाटेकरी असतो. गाझासाठी दुआ करा. दवाखान्याचा फळा रुग्णांच्या सूचनांसाठी असतो. हा मजकूर त्या फळ्यावर लिहायला नको होता. त्याबद्दल मी दिलगीर आहे.’

बाळूनं ओठ हलवत वाचलं. “झकास. मराठी भारी आहे हां तुमचं. जाऊ दे गाडी.” कागद हातात धरायला लावून माझा फोटो काढला. मी कॅमेऱ्यात बघितलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाळूनं काल संध्याकाळी ‘अखेर माफी!’ म्हणून फोटो टाकला. माझं वाक्य, माझ्या अक्षरात, एकही ह्रस्व-दीर्घ न चुकता, त्याच्याच माणसांच्या मोबाइलवर गेलं. खारघरपासून शिरढोणपर्यंत. मी दहा फळे भरले असते तरी एवढ्यांनी वाचलं नसतं.

आधी नेहमीच्या शिव्या. मग खारघरच्या कुणा आशालताबाईंनी विचारलं, ‘पण या वाक्यात चूक काय आहे?’ त्यावर एकानं लिहिलं, ‘मलाही तेच वाटतंय.’ मग जुंपली. बाळूचेच लोक बाळूला समजावू लागले, की मूल हे मूलच. बाळू उत्तरं देता देता दमला आणि दुपारी पोस्ट काढून टाकली. तोवर ती भलतीकडेच पोचली होती.

हाजींचा फोन आला. “टीचर, वाचलं.” हसत होते बहुतेक.

बाळू आता पुन्हा पोस्ट टाकणार नाही, कारण टाकली तर वाक्य पुन्हा वाचलं जाईल. मी आज दिवसभर घरात गुणगुणत होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गाडी गेली. मी स्वतः बरोबर गेले, पुढच्या सीटवर बसून. खालच्या गावात पोरं पारावर बसली होती. बघत राहिली, उठली नाहीत. मीही नजर काढली नाही.

वाडीवर हौसाच्या झोपडीत साळू भिंतीला टेकून बसली होती. हात पांढऱ्या पट्टीत. ऋचानं जुनी पट्टी हळूहळू सोडवली. पोर रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. हातावर कोपरापर्यंत कातडी ओली, लाल. ऋचा म्हणाली, बरा होईल, पण बोटं नीट उघडायला व्यायाम करावा लागेल, दर आठवड्याला.

परवाची फजिती हौसाला सांगावी असं वाटलं. तो बाळू, ते वाक्य, ती आशालताबाई. सुरुवातही केली, “हौसा, त्या माणसाची मी अशी जिरवली की...”

हौसा चुलीत लाकूड सारत होती. मागे न बघता म्हणाली, “बाई, पुढल्या गुरवारी गाडी येल का?”

“येईल.”

“नक्की ना?”

मी साळूचा हात माझ्या मांडीवर घेतला. ऋचानं नवी पट्टी दिली, ती मी गुंडाळायला लागले. फार घट्ट होऊ नये म्हणून दोनदा सोडवून परत गुंडाळली.